आरंभकालीन कारखानदारीच्या उपपत्ती आणि शहापूर-मुरबाडचा पुरावा

१

कारखानदारीचा उगम कशातून झाला ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा जेथे कारखाने उभे राहिले त्या स्थळांच्या आधारेच केली जाते. लँकेशायरचा अभ्यासक मँचेस्टरकडे पाहतो, मुंबईचा अभ्यासक ताडदेव-परळकडे पाहतो. आणि तेथे जे जे आढळते, मग ते व्यापारी भांडवल असो, धाडसी उद्योजक असो, स्वस्त मजूर असो की वाहतुकीची साधने असोत, ते ते कारण म्हणून मोजले जाते. ह्या पद्धतीत एक तार्किक उणीव आहे. एखादी गोष्ट कारखान्याच्या आधी होती एवढ्यावरून ती कारखान्याचे कारण ठरत नाही. ती गोष्ट असूनही कारखाना जेथे उभा राहिला नाही अशी स्थळेही तपासावी लागतात. उपपत्तीची खरी कसोटी तिच्या लाडक्या उदाहरणात नसते. तिला गैरसोयीच्या असलेल्या उदाहरणात असते.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन शेजारी तालुके अशी उदाहरणे होत. हिंदुस्थानातील पहिल्या लोहमार्गाचा पुढचा टप्पा शहापूर तालुक्यातून गेला. मुरबाड तालुक्यात लोहमार्ग आलाच नाही. दोन्ही तालुक्यांत भात हे मुख्य पीक, दोन्हींत सह्याद्रीच्या उतरणीचे जंगल, दोन्हींत कुणबी व आगरी यांच्याबरोबर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली यांची वस्ती. हिंदुस्थानातील सर्वांत मोठे औद्योगिक शहर येथून एका दिवसाच्या प्रवासाच्या आत वाढले. असे असूनही एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या दोन्ही तालुक्यांत आधुनिक कारखानदारीने मूळ धरले नाही. ह्या वस्तुस्थितीस सामान्यतः 'मागासलेपणा' असे नाव देऊन विषय संपविला जातो. परंतु मागासलेपणा हे वर्णन आहे, कारण नव्हे. प्रस्तुत विवेचनाचा हेतू हा की, आरंभकालीन कारखानदारीविषयीच्या तीन प्रमुख उपपत्ती ह्या दोन तालुक्यांच्या पुराव्यावर घासून पाहाव्यात, आणि त्यांतून कोणती दुरुस्ती निष्पन्न होते ते ठरवावे.

२

पहिली उपपत्ती वाहतुकीची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात लिहिताना कार्ल मार्क्सने असे प्रतिपादन केले की, रेल्वे ही हिंदुस्थानात आधुनिक उद्योगाची अग्रदूत ठरेल. कारण एवढे मोठे यंत्रजाल चालवावयाचे म्हणजे त्याच्या दैनंदिन गरजा भागविण्यासाठी इतर उद्योग उभे करणे अपरिहार्य होते. ह्या विधानाबरोबरच, परकी सत्तेचे जोखड असेपर्यंत त्याची फळे येथील जनतेच्या पदरात पडणार नाहीत अशी पुस्तीही त्याने जोडली होती. तथापि पुढील चर्चेत पहिले विधान राहिले आणि पुस्ती मागे पडली. धनंजयराव गाडगीळ यांच्या हिंदी उद्योगांच्या स्थित्यंतरावरील १९२४ सालच्या प्रसिद्ध ग्रंथातही रेल्वेला जुनी ग्रामीण घडी मोडणारी प्रमुख शक्ती म्हणून स्थान मिळाले आहे. मात्र गाडगीळांचे विवेचन अधिक सावध आहे. रेल्वेने एका बाजूस हस्तव्यवसाय खिळखिळे केले आणि दुसऱ्या बाजूस नवी कारखानदारी फार मंद गतीने आणली, हे त्यांनी स्पष्ट दाखविले आहे.

शहापूरचा पुरावा ह्या उपपत्तीस मोठा प्रश्न विचारतो. लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणपर्यंत व १८५५ मध्ये वासिंदपर्यंत पोचला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सूत काढू लागली. म्हणजे मुंबईच्या पहिल्या गिरणीचे चाक फिरण्यापूर्वीच शहापूर तालुक्यात आगगाडी आली होती. १८६१ मध्ये ती कसाऱ्यापर्यंत गेली आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीस पोचली. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी व कसारा अशी स्थानकांची सलग माळ एका तालुक्यास लाभली. रेल्वे ही अग्रदूत असेल, तर तिच्या मागोमाग येणाऱ्याने येथे शतकाहून अधिक काळ वाट पाहावयास लावली असे म्हणावे लागते.

उलट बाजूही पाहावी. मुरबाड तालुका हा प्राचीन काळी दळणवळणाच्या दृष्टीने आडबाजूचा मुळीच नव्हता. जुन्नरहून कल्याण बंदराकडे उतरणारा नाणेघाट ह्याच तालुक्यात पायथा टेकतो. घाटातील लेण्यात असलेला सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख ह्या मार्गाचे प्राचीनत्व सिद्ध करतो. नाणेघाट व माळशेज ह्या वाटांनी बैलांच्या तांड्यांची ये-जा एकोणिसाव्या शतकातही चालू होती. बोर घाट १८६३ मध्ये व थळ घाट १८६५ मध्ये लोहमार्गाने जोडला गेल्यावर देशावरचा माल त्या दोन मार्गांकडे वळला आणि जुन्या घाटवाटांवरील वाहतूक हळूहळू ओसरली. म्हणजे रेल्वेने शहापुरास कारखाना दिला नाही, आणि मुरबाडास तर न येताच त्याच्याजवळ होते तेही काढून घेतले.

ह्या दोहोंच्या शेजारीच तिसरे उदाहरण आहे, ते भिवंडीचे. भिवंडीस विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लोहमार्ग नव्हता. तरीही तेथे १९३० च्या आसपासपासून यंत्रमाग येऊ लागले आणि पुढे ते देशातील यंत्रमागांचे एक प्रमुख केंद्र बनले. कारण तेथे १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांची वसाहत होती, सुताचे व कापडाचे व्यापारी होते, आणि कापडाची पेढी व माग यांच्यातील देण्याघेण्याचा जुना संबंध होता. लोहमार्ग असून कारखाना नाही हे शहापूर. लोहमार्ग नसून कारखाना आहे हे भिवंडी. आणि दोन्ही नाहीत हे मुरबाड. ह्या तीन उदाहरणांवरून रेल्वेचे महत्त्व शून्य ठरत नाही, परंतु तिचे कार्य काय ते अधिक नेमके ठरते. रेल्वे ही असलेल्या संबंधांना वेग देते. नसलेले संबंध ती निर्माण करीत नाही. वऱ्हाड-खानदेशच्या कापूस-मुलखात तिच्याबरोबर सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने आले, कारण दूर पाठवावयाच्या कापसावर स्थानिक प्रक्रिया करणे लाभाचे होते. शहापूरच्या स्थानकांवरून जे जावयाचे ते लाकूड, कोळसा व गवत जसेच्या तसे शहरात विकले जात असे. जो माल प्रक्रियेवाचून खपतो, तो आपल्यामागे कारखाना ठेवून जात नाही.

३

दुसरी उपपत्ती ग्रामीण गृहोद्योगाची. फ्रँकलिन मेंडेल्स ह्या अभ्यासकाने १९७२ साली फ्लँडर्सच्या इतिहासावरून अशी मांडणी केली की, यंत्रयुगाच्या आधी एक 'आदिउद्योगा'ची अवस्था येते. शेती अपुरी असलेल्या प्रदेशातील कुटुंबे मोसमी रिकाम्या काळात दूरच्या बाजारासाठी सूतकताई, विणकाम इत्यादी कामे करू लागतात; त्यांतून व्यापाऱ्याकडे भांडवल साचते, कामगारास कौशल्य येते, लोकसंख्या वाढते, आणि अशा रीतीने कारखान्याची पूर्वतयारी होते. ही मांडणी यांत्रिक शोधांच्या कथेपेक्षा निश्चितच सखोल आहे. कारखान्याचा उगम तिने शहराच्या वेशीबाहेर, शेतकऱ्याच्या ओटीवर शोधला, हे तिचे श्रेय होय.

शहापूर-मुरबाडमध्ये ह्या उपपत्तीची पहिली अट पूर्णपणे आढळते. पावसाळी भाताचे एकच पीक, दिवाळीच्या सुमारास कापणी, नंतर मळणी, आणि त्यापुढे पुढच्या मृगापर्यंत शेतात जवळजवळ काम नाही. खाचराखेरीज जी वरकस जमीन, तिच्यावर नागली, वरई यांसारखी हलकी पिके व गवत. वर्षातील सुमारे निम्मा काळ रिकामा राहणारी अशी श्रमशक्ती मेंडेल्सच्या फ्लँडर्समध्येही क्वचितच असेल. मग येथे आदिउद्योग का झाला नाही?

ह्याचे नेहमीचे उत्तर भूगोलाचे आहे. डोंगराळ मुलूख, मुसळधार पाऊस, हलकी जमीन. परंतु भूगोल एकच पीक का येते एवढेच सांगतो. उरलेल्या महिन्यांत माणसांनी काय केले हे तो सांगत नाही. वस्तुतः त्या महिन्यांत ही माणसे रिकामी बसलीच नव्हती. ती लाकूड तोडीत होती, कोळशाच्या भट्ट्या लावीत होती, गवत कापून त्याचे भारे बांधीत होती, खैराचा कात काढीत होती, आणि पुढे वीटभट्ट्यांवर जात होती. ही सर्व कामे बाजारासाठीच होती, आणि तो बाजारही शहराचाच होता. म्हणजे मोसमी श्रम बाजाराशी जोडला गेला हे खरे. पण ज्या कामाशी तो जोडला गेला ते काम वेगळ्या जातीचे होते. विणकर दहा वर्षे विणतो तेव्हा त्याच्या हाती कसब साचते, आणि माग घरचा असेल तर साधनही साचते. कोळसा पाडणारा कातकरी दहा वर्षे कोळसा पाडतो तेव्हा त्याच्या हाती काही साचत नाही. जंगल मात्र दहा वर्षांनी कमी झालेले असते. पहिल्या प्रकारचा श्रम उत्पादनशक्ती वाढवितो, दुसऱ्या प्रकारचा श्रम ठेव खर्च करतो. मेंडेल्सच्या उपपत्तीत ह्या दोहोंमधील भेदास जागा नाही. रिकाम्या काळाचा उपयोग झाला की नाही एवढेच पाहून भागत नाही; तो कोणी विकत घेतला, कोणत्या शर्तींवर घेतला, आणि कामाच्या शेवटी साधन कोणाजवळ उरले, हे पाहणे आवश्यक ठरते.

४

तिसरी उपपत्ती मजूरपुरवठ्याची. मुंबईच्या गिरण्यांना आरंभी मजूर मिळणे कठीण होते आणि जो मिळाला तो अर्धा शेतकरीच राहिला, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात त्यास जोरदार हरकत घेतली. मजुरांची टंचाई कधीच नव्हती, आणि कामगारांत दिसणारी अस्थिरता ही त्यांच्या ग्रामीण मनोवृत्तीची नसून मालकांनी स्वीकारलेल्या कामपद्धतीची निष्पत्ती होती, असा त्यांचा निष्कर्ष. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात हा विचार अधिक खोलात नेला. निर्यात व्यापारात दुय्यम स्थान पत्करावे लागलेल्या हिंदी व्यापाऱ्यांनी धोका विभागून घेण्यासाठी गिरण्या काढल्या. अनिश्चित बाजारामुळे त्यांनी कामगार गरजेनुसार घेतला व सोडला. आणि ह्या अनिश्चिततेत टिकून राहण्यासाठी कामगाराने गावाकडची जमीन, नातेगोते व वस्तीतील संबंध धरून ठेवले. गावाशी असलेला संबंध हा जुन्या समाजाचा अवशेष नसून नव्या उद्योगाचीच गरज होता, हे चंदावरकरांचे प्रतिपादन मुंबईच्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाची भर आहे.

तथापि दोन्ही ग्रंथांत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. गिरण्यांत मोठ्या संख्येने कामगार आले ते रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटमाथ्यावरून. रत्नागिरीचा माणूस गलबताने व पुढे आगबोटीने शेकडो मैल येतो. वासिंद-खर्डीचा ठाकूर मात्र दारावरून आगगाडी जात असताना तिच्यात बसून परळास उतरत नाही, असे का? ह्या तालुक्यांतून कोणीच गेले नाही असा याचा अर्थ नव्हे. परंतु गिरणगावावर ज्या प्रदेशांची छाप पडली त्यांत हे जवळचे डोंगराळ पट्टे दिसत नाहीत, हे उघड आहे. मजूर मुबलक होता एवढे म्हणून मॉरिस पुढे जातात. कोणत्या गावचा मजूर मोकळा होता हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने गौण आहे. परंतु शहापूर-मुरबाडच्या बाजूने पाहिल्यास तोच मुख्य प्रश्न ठरतो.

चंदावरकरांच्या विवेचनातूनच ह्याचे उत्तर काढता येते, जरी त्यांनी ते स्वतः काढलेले नाही. गिरणीत शिरण्यास केवळ दोन हात पुरत नसत. मुकादमाशी ओळख लागे, चाळीत निजावयास जागा देणारा गाववाला लागे, पगार हाती येईपर्यंत उधार देणारा दुकानदार लागे, आणि गावी बायकामाणसांनी राखण्याजोगा जमिनीचा एखादा तुकडा लागे. रत्नागिरीच्या कुणब्या-मराठ्याजवळ ही साखळी एकदा तयार झाली, आणि तिच्या आधारे पुढचा प्रत्येक जण ओढला गेला. कातकऱ्याजवळ वा ठाकुराजवळ तिचा पहिला दुवाच नव्हता. शिवाय तो मोकळाही नव्हता. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी कापणीच्या वेळी वाढीव भावाने फेडावयाची. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबावयाचे. ह्या व्यवस्थेची सविस्तर नोंद सरकारने १९३७ मध्ये नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांच्या अहवालात आहे. अशा राबणाऱ्यास 'लग्नगडी' असे नाव होते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लग्नगडी व वेठ यांविषयीचा सर्वांत ठळक पुरावा डहाणू-उंबरगाव भागातील आहे. गोदावरी परुळेकर यांचे १९७० सालचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तकही मुख्यतः त्याच भागाविषयी आहे. सिमिंग्टन यांच्या चौकशीच्या कक्षेत, १९३५ च्या कायद्याखाली अंशतः वर्जित ठरलेला क्षेत्रविभाग म्हणून, शहापूर तालुका येतो. मुरबाड येत नाही. यास्तव डहाणूचे चित्र जसेच्या तसे मुरबाडवर आरोपित करणे योग्य नव्हे. परंतु धान्यरूपी कर्ज, धान्यरूपी खंड आणि हंगामी उचल ह्यांची पकड, तिची तीव्रता कमीअधिक असली तरी, दोन्ही तालुक्यांस परिचित होती.

ह्यातून निघणारा निष्कर्ष मॉरिस यांच्या विधानास छेद देत नाही, परंतु त्यास मर्यादा घालतो. मुंबईस मजूर कमी पडला नाही हे खरे. तो का कमी पडला नाही ह्याचे एक कारण असे की, ज्या प्रदेशांतील शेतकऱ्याजवळ थोडी जमीन, थोडी पत व थोडे नातेसंबंध होते, तो स्वतःच्या खर्चाने गिरणीपर्यंत आला. ज्यांच्याजवळ ह्यांपैकी काहीच नव्हते, ते गिरणीच्या अगदी जवळ राहूनही बाहेरच राहिले. अत्यंत दारिद्र्य हे कामगार निर्माण करते ही सर्वमान्य समजूत येथे उलट ठरते. अत्यंत दारिद्र्य माणसास कारखान्याकडे ढकलत नाही. ते त्यास सावकाराच्या खळ्याशी बांधून ठेवते.

५

वरील तिन्ही उपपत्ती भांडवल, श्रम व वाहतूक ह्यांच्याविषयी बोलतात. जमीन, जंगल व पाणी ह्यांविषयी त्या जवळजवळ मूक आहेत. शहापूर-मुरबाडचा औद्योगिक इतिहासाशी खरा संबंध मात्र तेथेच आहे.

१८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांची मर्यादा आखली गेली. भातशेतीच्या ह्या मुलखात त्याचा अर्थ केवळ सरपण बंद होणे एवढाच नव्हता. रोपे तयार करण्यासाठी ऐन वगैरे झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण व गवत पसरून जमीन भाजावी लागते, हाच 'राब'. राबावाचून भात लागत नाही असा येथील शेतकऱ्याचा अनुभव. म्हणून फांदी तोडण्यावरील बंधन हे थेट खाचरावरील बंधन होते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारींचा एवढा गजर झाला की, सरकारला १८८५ मध्ये वन-आयोग नेमावा लागला. जोतीराव फुले यांनीही 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगलखात्याच्या जाचावर त्याच दशकात टीका केली होती. शेतकऱ्यास फांदी दुर्मिळ होत असतानाच मक्तेदाराची लाकडे मात्र रेल्वेने शहराकडे जात होती.

पाण्याची कथा अशीच आहे. मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये व तुळशीचे १८७९ मध्ये मिळाले. गिरण्यांची व वस्तीची वाढ इतकी झाली की ते पुरेना. १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातील तानसा नदीवरचे धरण पुरे झाले आणि तेथील पाणी लांब जलवाहिन्यांतून मुंबईस जाऊ लागले. गिरणधंद्याच्या सर्वांत जोमदार वाढीची जी दशके, तीच ही दशके होत. तानशावाचून कापडगिरण्या बंद पडल्या असत्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु गिरण्यांत राबणाऱ्या लक्षावधींच्या शहराची वाढ तानशावाचून त्या गतीने झाली नसती, एवढे निश्चित म्हणता येते.

येथे केनेथ पोमरान्झ यांच्या २००० सालच्या ग्रंथाचा उल्लेख उचित ठरेल. इंग्लंडच्या औद्योगिक झेपेचे रहस्य केवळ इंग्रजी कर्तृत्वात नसून, खाणीतला कोळसा व अमेरिकेतील वसाहतींची जमीन ह्यांमुळे इंग्लंडला स्वतःच्या भूमीची मर्यादा ओलांडता आली, असे ते म्हणतात. ही दृष्टी मुंबईस लावली तर दिसते ते असे की, शहराच्या हिशेबात न दिसणारी जमीन समुद्रापार नव्हती. ती ऐंशी-शंभर किलोमीटरांवर शहापुरात होती. गवताची कुरणे शहराच्या घोड्यांना व गुरांना, जंगल चुलींना, आणि नद्यांची खोरी नळांना जोडली गेली.

परंतु हा विचार जेथे थांबावयास हवा तेथे थांबविणेही अभ्यासकाचे कर्तव्य आहे. शहापूर-मुरबाडच्या शोषणातून मुंबईचे भांडवल उभे राहिले, असे विधान केले तर ते टिकणार नाही. दावरांच्या कंपनीचे पाच लाख रुपयांचे भागभांडवल मुंबईच्या व्यापाऱ्यांनी उभारले. त्या व्यापारी वर्गाचे धन कापूस, अफू व चीनचा व्यापार ह्यांतून आले होते. यंत्रे लँकेशायरहून आली. कापूस गुजरात, खानदेश, वऱ्हाड येथून आला. सुताची मोठी बाजारपेठ पुढे चीनमध्ये मिळाली. ह्या हिशेबात शहापूरचा वाटा नगण्य आहे. म्हणून दोन प्रश्न निराळे ठेवणे अवश्य आहे. कारखान्यास चालना कोठून मिळाली, हा एक; कारखान्यांचे शहर कशावर जगले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर समुद्राकडे आहे, दुसऱ्याचे डोंगराकडे. रूढ उपपत्ती फक्त पहिला प्रश्न विचारतात आणि डोंगराकडील प्रदेशास 'मागास' म्हणून सोडून देतात. त्यांच्यावर रागावलेले टीकाकार दुसऱ्याचे उत्तर पहिल्यास देतात आणि पुराव्याच्या पुढे धावतात.

हे दोन्ही दोष होण्यास आपल्या साधनग्रंथांची रचनाही काही अंशी जबाबदार आहे. जेम्स कँबेल यांनी संपादिलेले १८८२ सालचे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर हे कोणाही अभ्यासकास टाळता न येणारे साधन. त्यातील माहितीची विपुलता थक्क करणारी आहे. परंतु तेथे जंगल उत्पन्नाच्या प्रकरणात येते, ठाकूर-कातकरी लोकसंख्येच्या प्रकरणात, सावकार भांडवलाच्या प्रकरणात आणि रेल्वे व्यापाराच्या प्रकरणात. एकच माणूस जंगलात लाकूड तोडतो, सावकाराची खावटी फेडतो आणि स्थानकावर मोळी पोचवितो. ग्रंथात मात्र तो वेगवेगळ्या प्रकरणांत वेगवेगळा माणूस म्हणून भेटतो. प्रकरणांच्या ह्या भिंती पुढील संशोधकांनी जशाच्या तशा स्वीकारल्या, आणि म्हणून संबंध दिसेनासे झाले.

६

ही रचना एकोणिसाव्या शतकाबरोबर संपली नाही. टाटांच्या जलविद्युत योजनांमुळे १९१५ पासून गिरण्यांना सह्याद्रीच्या पाण्याची वीज मिळू लागली, आणि विजेच्या तारा ह्याच परिसरातील डोंगर-दऱ्यांवरून मुंबईकडे गेल्या. १९४२ च्या आंदोलनात भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडण्याचा जो मार्ग पत्करला, त्यातून शहर व डोंगर ह्यांना जोडणारा धागा कोणता हे त्यांनी अचूक ओळखले होते असे दिसते. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगड येथे भाई कोतवाल व हिराजी पाटील ह्यांना हौतात्म्य आले. दरम्यान नवे कारखाने कल्याणच्या आसपास उल्हास नदीकाठी उभे राहत होते: अंबरनाथला १९२० नंतरच्या दशकात काडेपेटीचा, आणि १९५० च्या आगेमागे शहाड-मोहोने येथे कृत्रिम रेशमाचे. शहापूर-मुरबाडच्या वेशीवर ही लाट दीर्घकाळ थांबली.

स्वातंत्र्यानंतर कूळकायद्याने जमिनीचे संबंध बदलले आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी निषिद्ध ठरली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व पुढे मुरबाडलाही औद्योगिक वसाहत आली. वासिंद-आसनगाव परिसरात पोलादाचे व इतर कारखाने आले. ह्या बदलांचे मोल कमी लेखणे योग्य नव्हे. तथापि जुनी रेषाही त्यांच्या जोडीने पुढे गेली. कारखान्यांच्या पाण्यासाठी १९७२ मध्ये बारवी धरण झाले, त्यात मुरबाड तालुक्यातील गावांची जमीन गेली. भातसा प्रकल्प आज मुंबईच्या पाण्याचा सुमारे निम्मा भार वाहतो. आणि त्याच शहापूर तालुक्यातील अनेक गाव-पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हिवाळा लागताच कातकरी कुटुंबे आजही उचल घेऊन वीटभट्ट्यांकडे निघतात. ह्या विटांनी जी शहरे वाढतात त्यांच्या इतिहासात ह्या उचलीची नोंद कोठे होते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने स्वतःस विचारण्याजोगा आहे.

७

तात्पर्य असे. वाहतुकीची उपपत्ती शहापूरमध्ये अपुरी पडते, कारण ती मार्ग पाहते पण मार्गावरून काय गेले व कोणाच्या लाभासाठी गेले हे पाहत नाही. गृहोद्योगाची उपपत्ती अपुरी पडते, कारण कौशल्य साठविणारा श्रम व निसर्गाची ठेव खर्च करणारा श्रम ह्यांत ती भेद करीत नाही. मजूरपुरवठ्याची उपपत्ती अपुरी पडते, कारण मजूर होण्यासही काही किमान स्वातंत्र्य व पत लागते हे ती गृहीत धरते, तपासत नाही. ह्या तीन दुरुस्त्या स्वीकारल्या म्हणजे 'मागासलेपणा' हा शब्द आपले स्थान गमावतो. शहापूर व मुरबाड हे कारखानदारीच्या बाहेर राहिलेले प्रदेश नव्हेत. कारखानदारीत त्यांना एक विशिष्ट जागा नेमून दिली गेली, आणि त्या जागी कारखाना बसत नव्हता.

ह्या निष्कर्षाची पुढील पडताळणी सामान्य ग्रंथांतून होणार नाही. जंगलखात्याच्या कूप-लिलावांची कागदपत्रे, कसारा-वासिंद स्थानकांवरील मालाची आवक-जावक, तानसा योजनेसाठी झालेल्या भूसंपादनाचे दप्तर, तालुका कचेरीतील गहाणखतांच्या नोंदी आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या तोंडच्या आठवणी ही साधने एकत्र वाचावी लागतील. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास मुंबईत राहून पुष्कळ लिहिला गेला. त्याचा उरलेला भाग कसाऱ्याच्या बाजूने वाचला जाईल, तेव्हाच आरंभकालीन कारखानदारीची मीमांसा पुरी झाली असे म्हणता येईल.